मोगलाईची लेव्ही, मँचेस्टरची भाकरी

निजामाच्या काळी अंबड तालुक्यातला माणूस गोदाकाठानं वर पैठणला गेला आणि नदी ओलांडून शेवगावच्या अंगाला लागला, की राज्य बदलायचं. अलीकडे मोगलाई, पलीकडे इंग्रजी मुलूख. सोयरिकी दोन्हीकडे, नाथषष्ठीला दिंड्या दोन्हीकडून, रानातला शाळूही सारखाच. फरक पडायचा तो गाडीत माल असला तर. मग करोडगिरीचा नाका आडवा यायचा. नाकेदार पोती मोजायचा, मालाची किंमत आपल्या अंदाजानं लावायचा आणि त्यावर जकात घ्यायचा. पैशाचाही घोळ असे. मोगलाईत हाली सिक्का, इंग्रजी मुलखात कलदार, आणि हाली सात रुपयांना कलदार सहा असा साधारण दर.

अंतरवाली सराटी हे गाव तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. शहागडजवळ गोदावरी ओलांडली की गेवराई, म्हणजे बीड जिल्हा. त्या काळात तोही निजामाचाच, त्यामुळे या गावाला सरहद्द खेटून नव्हती. पण माल विकायचा म्हटलं की सरहद्दीचा भाव गावापर्यंत पोचायचा. जालन्याच्या पेठेत कापसाला आणि धान्याला जो दर मिळे, त्यात पलीकडच्या बाजाराचा दर आणि मधल्या नाक्याची जकात आधीच वजा झालेली असे. नाका कधीही न पाहिलेला शेतकरीही अशा रीतीनं नाक्याचे पैसे भरत होता.

ही जकात जुनी. १८०२ साली निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात व्यापारी तह झाला आणि एकमेकांच्या मालावर शेकडा ५ जकात ठरली. संस्थानाच्या आतही जागोजागी नाके होते. पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत ते मोडीत निघत गेले, पण सरहद्दीवरची करोडगिरी शेवटपर्यंत राहिली. संस्थानाच्या तिजोरीला तो हक्काचा पैसा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून सिकंदराबादला जाणारी रेल्वे जालन्यावरून सुरू झाली, सरकी आणि रुई डब्यांत भरून जाऊ लागली, तरी करोडगिरी काही सुटली नाही.

धान्याच्या वाटेवर सरकारनं उभं राहावं की नाही, हा प्रश्न जगात सर्वांत गाजला तो इंग्लंडात, आणि त्याची हकीकत मराठवाड्यातल्या वाचकानं नीट समजून घेण्यासारखी आहे. तिथला नाका शेतीमालाचा भाव चढा ठेवण्यासाठी होता. आपल्याकडे त्यानंतर जे नाके आले, ते भाव पाडण्यासाठी. तिथला नाका आठ वर्षांच्या चळवळीत उठला आणि आपल्याकडचे नाके ऐंशी वर्षांत नावं बदलत राहिले. असं का झालं, हे दोन्ही हकीकती शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

१८१५ साली नेपोलियनबरोबरची युद्धं संपत आली होती आणि इंग्लंडात परदेशी गहू पुन्हा येऊ लागेल अशी चिन्हं होती. पार्लमेंटात बसलेले बहुतेक जण मोठे जमीनदार होते. त्यांनी कायदा केला: देशातल्या गव्हाचा भाव क्वार्टरला, म्हणजे सुमारे २१८ किलोंना, ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू विकायला मनाई. हे विधेयक चर्चेला आलं तेव्हा लंडनमध्ये दंगे उसळले आणि पार्लमेंटच्या भोवती सैन्य उभं करावं लागलं. १८२८ मध्ये कायदा थोडा सैल केला. भाव वाढेल तसं आयातशुल्क उतरेल असं सरकतं कोष्टक आलं. पण मूळ गोष्ट बदलली नाही. मजुराच्या पावात जमीनदाराचा खंड मिसळलेला राहिला.

याविरुद्ध उभे राहिले मँचेस्टरचे गिरणीवाले. १८३८ मध्ये तिथं एक संघ स्थापन झाला आणि १८३९ मध्ये त्याची देशव्यापी अँटी-कॉर्न लॉ लीग झाली. पुढारी दोन. रिचर्ड कॉब्डेन हा छापील कापडाचा कारखानदार, शांत डोक्यानं मुद्दा पटवणारा. जॉन ब्राइट हा रॉचडेलचा, क्वेकर पंथाचा, वाणीनं सभा हलवणारा. पार्लमेंटात चार्ल्स व्हिलियर्स नावाचा सभासद वर्षामागून वर्ष कायदा रद्द करण्याचा ठराव मांडत होता आणि वर्षामागून वर्ष हरत होता. त्या हरण्याला बाहेरून बळ देण्याचं काम लीगचं.

हे बळ कसं उभं केलं ते पाहण्यासारखं आहे. १८४० च्या जानेवारीत इंग्लंडात एका पेनीत कुठंही पत्र जाऊ लागलं. लीगनं ही सोय लगेच उचलली आणि पत्रकं लाखोंनी घरोघर पाठवली. पगारी व्याख्याते गावोगाव हिंडले. बायकांनी चहापानाच्या सभा आणि मोठमोठे बाजार भरवून निधी जमवला. १८४५ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात भरलेला बाजार त्यांतला सर्वांत मोठा. निधीचे आकडेच बोलके आहेत: १८४३ साठी ५० हजार पौंडांचं आवाहन, पुढच्या वर्षी १ लाख, त्यानंतर अडीच लाख. सभेला जागा हवी म्हणून मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्ड्सवर कॉब्डेनच्या मालकीच्या जमिनीत लाकडी मंडप उभा राहिला. १८१९ साली याच मैदानात घोडेस्वार फौजेनं सभेतल्या निःशस्त्र माणसांवर तलवारी चालवल्या होत्या. काउंटीच्या मतदारसंघांत ४० शिलिंग वार्षिक उत्पन्नाची जमीन ज्याच्या नावे, त्याला मत असे. लीगनं आपल्या माणसांना असे तुकडे विकत घ्यायला लावून मतदार यादीच बदलायला घेतली.

एवढं करूनही लीगला गरिबांचा सरसकट पाठिंबा नव्हता, हे इथं सांगायला हवं. मताधिकारासाठी लढणारे चार्टिस्ट तिच्या सभा उधळून लावत. त्यांचा संशय सरळ होता: भाकरी स्वस्त झाली की गिरणीवाला मजुरी कापणार. हा संशय अगदीच पोकळ नव्हता. धान्य स्वस्त पाहिजे असं म्हणणाऱ्यात भुकेलेलाही असतो आणि भुकेल्याला कामावर ठेवणाराही.

१८४५ च्या शरदात आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला. जमीनदारांच्या पक्षाचाच पंतप्रधान सर रॉबर्ट पील यानं कायदा मोडायचं ठरवलं. १५ मे १८४६ ला कॉमन्समध्ये, २५ जूनला लॉर्ड्समध्ये विधेयक मंजूर झालं, आणि चारच दिवसांनी पीलला सत्ता सोडावी लागली, कारण त्याच्याच पक्षाचे निम्म्याहून जास्त लोक त्याच्यावर उलटले होते. शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरत १८४९ च्या फेब्रुवारीत नाममात्र १ शिलिंगावर आलं. आयर्लंडला मात्र याचा उपयोग झाला नाही. बाजार खुला झाला तरी विकत घ्यायला ज्याच्या हातात पैसा नाही त्याच्यापर्यंत धान्य जात नाही. तिथं सुमारे १० लाख माणसं मेली.

लीगचा आणि आपला संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. लीगच्या बाजूनं ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक १८४३ मध्ये काढणारा जेम्स विल्सन हा स्कॉटलंडचा टोप्यांचा कारखानदार. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थान सरकारची तिजोरी रिकामी झाली तेव्हा ती सावरायला इंग्लंडनं त्यालाच पाठवलं. फेब्रुवारी १८६० मध्ये त्यानं कलकत्त्यात पहिला अर्थसंकल्प मांडला आणि या देशात प्राप्तिकर आणला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो तिथंच वारला. ब्राइटनं तर त्याआधीच, १८४८ मध्ये, हिंदुस्थानातल्या कापसाच्या लागवडीची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटरी समितीचं अध्यक्षपद घेतलं होतं. मँचेस्टरला भाकरी स्वस्त हवी होती तसा कापूसही स्वस्त हवा होता. तो कापूस वऱ्हाडात आणि त्याला लागून असलेल्या निजामाच्या काळ्या रानात पिकत होता. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, त्यात ही गरज नव्हती असं कोण म्हणेल?

मँचेस्टरचं तत्त्वज्ञान दख्खनच्या माणसाला प्रत्यक्ष भेटलं ते १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात. धान्याच्या व्यापारात सरकारनं हात घालायचा नाही, हे कलकत्त्याचं धोरण. रेल्वेनं धान्य येत होतं, बाजारात दिसतही होतं, पण सोलापूर-नगरकडच्या शेतकऱ्याला ते घेण्याची ऐपत उरली नव्हती. सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला १ पौंड धान्याच्या हिशेबावर आणली, तेव्हा लोक कामं सोडून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी राहिली आणि गणेश वासुदेव जोशींच्या सभेनं गावोगावची हकीकत गोळा करून सरकारपुढं ठेवली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात सांगितलं की इंग्लंडात सिद्ध झालेलं अर्थशास्त्र जसंच्या तसं इथं लागू होत नाही. त्या म्हणण्यामागं हा दुष्काळ होता.

मोगलाईत मात्र सरकारनं हात घातला, आणि तो असा घातला की म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातून ‘लेव्ही’ हा शब्द पुढं कित्येक वर्षं गेला नाही.

१९४२ मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला, तिथला तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळानं लाखो माणसं मेली. हैदराबाद संस्थानानं त्याच सुमारास सक्तीची धान्यवसुली सुरू केली. जमिनीच्या एकरावर आणि पिकावर हिशेब करून प्रत्येक खातेदारानं ठरावीक धान्य सरकारला सरकारी भावानं घालायचं. ते खरेदी करून वाटण्यासाठी हैदराबाद कमर्शियल कॉर्पोरेशन स्थापन झालं. कागदावर योजना वाईट नव्हती. शहरं उपाशी राहू नयेत हा हेतू कुणालाही मान्य व्हावा असाच.

पण हिशेब करणारा पटवारी, तपासणारा गिरदावर आणि वर तहसीलदार. दफ्तर उर्दूत. किती एकर पेरलं, किती पिकलं, हे त्या दफ्तरात जे लिहिलं जाईल तेच खरं. वजनदार देशमुखाचं, जहागीरदाराचं रान कमी पेरलेलं दिसायचं आणि चार-सहा एकरवाल्याचं पुरेपूर. संस्थानभर हीच तक्रार होती. वर भाव सरकारी, म्हणजे बाजारापेक्षा उतरता. ज्याच्याकडे खाण्यापुरतंच पिकलं, त्याला लेव्ही घालून नंतर तेच धान्य बाजारभावानं, नाहीतर काळ्या बाजारात विकत घ्यायची पाळी येई.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांची रचना ज्यानं पाहिली आहे त्याला पुढची गोष्ट चटकन कळेल. पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींच्या घरात धान्यासाठी बळद असे: वरून धान्य ओतायचं, खालच्या भोकातून काढायचं. अंगणात किंवा गावठाणाच्या कडेला जमिनीत पेव. पेवात आतून कडब्याचं अस्तर, वर मातीचा थर देऊन तोंड बंद केलं की ज्वारी वर्ष-दोन वर्षं टिकते. एक पावसाळा दगा देणार हे धरूनच या भागातल्या माणसानं घर बांधलेलं आहे. पेव म्हणजे त्याचा विमा. लेव्हीच्या काळात हीच साठवण संशयाची जागा झाली. साठा आहे म्हणजे दडवलेला आहे, आणि दडवलेला आहे म्हणजे गुन्हा, अशी नजर आली. शेतकऱ्याची शहाणपणाची सवय कायद्यानं चोरी ठरवली, हे मला त्या वसुलीतलं सर्वांत मोठं नुकसान वाटतं.

राजकीय जागृती या भागात आधीपासून होती. मराठवाड्यातल्या लोकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला, आजच्या जालना जिल्ह्यात, गोविंदराव नानलांच्या अध्यक्षतेखाली भरलं. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होताच तिच्यावर बंदी आली. ती १९४६ मध्ये उठली. १९४७ मध्ये संस्थान हिंदी संघराज्यात सामील होणार नाही हे दिसू लागलं, तेव्हा स्वामी रामानंद तीर्थांनी ७ ऑगस्टला सामिलीकरण दिन पाळायला सांगितलं आणि १५ ऑगस्टला त्यांना अटक झाली. त्यानंतरच्या तेरा महिन्यांत सरहद्दीवर, इंग्रजी मुलूख होता त्या बाजूला, मनमाड, वाशिम, उमरखेड, बार्शी, पंढरपूर असे कॅम्प उभे राहिले. मनमाडचं काम गोविंदभाई श्रॉफ पाहत.

त्या कॅम्पांच्या कार्यक्रमात काय होतं ते बघा. शिंदीची झाडं तोडायची, कारण त्यावर अबकारीचं उत्पन्न. पटवाऱ्याची दफ्तरं जाळायची. लेव्ही द्यायची नाही. आणि करोडगिरीचे नाके मोडायचे. सत्तेचं हृदय कुठं आहे हे या लोकांनी अचूक ओळखलं होतं. शेतकऱ्याला निजाम कधी दिसत नव्हता, त्याला दिसत होते नाकेदार आणि लेव्हीचा कारकून. मँचेस्टरच्या लीगला पत्रकं, चहापान आणि मतदार याद्या वापरता आल्या, कारण तिथं पार्लमेंट होतं. इथं समोर निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार होते. नाक्यावर चालून जाणारी पोरं वीस-पंचविशीची, हाती जे मिळेल ते हत्यार. त्यातली काही परत आली नाहीत.

१३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. मराठवाडा मोकळा झाला.

नाके मात्र लगेच मोकळे झाले नाहीत. १९५० च्या राज्यघटनेत ३०६ वं कलम होतं. हैदराबादसारख्या ‘ब’ वर्गातल्या राज्यांना, केंद्राशी करार करून, राज्याच्या हद्दीवर येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर कर चालू ठेवण्याची मुभा त्यात होती. ते कलम गेलं १९५६ मध्ये, राज्य पुनर्रचनेबरोबर, हैदराबाद राज्यच उरलं नाही तेव्हा. आणि तोवर दुसरा कायदा आला होता: १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा. धान्याचा साठा, ने-आण, भाव या सगळ्यांवर सरकारला हवं तेव्हा हुकूम काढता येईल असा. त्याचा आधार घेऊन १९६४ पासून देशात धान्याचे झोन पडले. महाराष्ट्रात ज्वारी आणि भाताची एकाधिकार खरेदी आली, पुढं शेतकऱ्यांवर लेव्हीही बसली. परवान्याशिवाय ज्वारीची पोती हद्दीपलीकडे नेणं पुन्हा गुन्हा झालं. मोगलाई संपून वीस वर्षंही झाली नव्हती. १९७७ मध्ये जनता सरकारनं झोन उठवले.

मला यात कुणाचा दुष्टपणा दिसत नाही. १९६५-६६ मध्ये दोन मोसम कोरडे गेले होते, अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांची वाट देश पाहत होता. शहरातल्या कामगाराला स्वस्त ज्वारी मिळालीच पाहिजे होती. प्रश्न एवढाच, की त्या स्वस्ताईचे पैसे कुणी भरायचे. सरकारच्या तिजोरीनं भरायचे की अंबडच्या कोरडवाहू शेतकऱ्यानं? उत्तर दर वेळी दुसरंच आलं.

कापसाची गोष्ट निराळ्या वाटेनं तिथंच पोचली. महाराष्ट्रानं १९७१ मध्ये कायदा करून १९७२ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली. व्यापाऱ्याच्या लुटीतून शेतकरी सोडवायचा म्हणून ती आली, आणि बाजार पडलेल्या काही वर्षांत तिनं आधारही दिला. पण एकाधिकार म्हणजे दुसऱ्या कुणाला विकायला बंदी. जालना, परभणी, यवतमाळकडे खरेदी केंद्रांपुढं गाड्यांच्या रांगा लागत. वेचलेला पांढराशुभ्र कापूस रात्रभर दव खात गाडीत पडून. सकाळी ग्रेडर मूठभर उचलून धागा ओढून बघणार आणि प्रत ठरवणार, त्यावर भाव. मग तोलाई, हमाली, कपात, आणि चुकारा हप्त्यांनी. त्याच दिवशी मध्य प्रदेशात किंवा आंध्रात रोख आणि जास्त भाव आहे हे प्रत्येकाला ठाऊक असे, आणि तिकडे गाडी वळवली तर तो चोरटा व्यापार.

या काळात कॉब्डेनची गरज होती. तो आला, पण उलट्या बाजूनं. शरद जोशी साताऱ्याला १९३५ मध्ये जन्मले, स्वित्झर्लंडमध्ये जागतिक टपाल संघटनेत नोकरीला होते, ती सोडून परत आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन त्यांनी शेती केली. हिशेब मांडला तेव्हा दिसलं की नेटानं केलेली शेतीही तोट्यातच जाते. चाकणच्या कांद्यापासून सुरुवात झाली. १९८० च्या जानेवारीत वांद्रे गावापासून चाकणपर्यंत ६४ किलोमीटरचा मोर्चा निघाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्यासाठी रेल्वे व रस्ते अडले, खेरवाडीला गोळीबारात दोन शेतकरी गेले. १९८१ च्या एप्रिलमध्ये निपाणीला तंबाखू उत्पादकांवर गोळीबार झाला, बारा गेले. १९८४ मध्ये परभणीला शेतकरी संघटनेचं अधिवेशन भरलं आणि मराठवाडा चळवळीत पुरता उतरला. १० डिसेंबर १९८६ ला कापूस आंदोलनात सुरेगावला तीन शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. त्याच्या महिनाभर आधी चांदवडला शेतकरी बायांचा मेळावा भरला होता, लाखोंच्या संख्येनं.

संघटनेचं म्हणणं एका घोषणेत होतं: भीक नको, हवे घामाचे दाम. छातीवर लाल बिल्ला, हातात ‘शेतकरी संघटक’ हे पाक्षिक, आणि सभेत आकडे. सरकार शेतीमालाला सबसिडी देत नाही, उलट बाजारात जो भाव मिळाला असता तो मिळू न देता शेतकऱ्याकडून काढून घेतं, ही उणे सबसिडी, हे जोशी खेड्यातल्या निरक्षर माणसालाही पटेल असं सांगत. जागतिक व्यापार खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध देशभर गदारोळ चालला असताना त्यांनी उघड पाठिंबा दिला. बाजार खुला करा, आम्ही जगाशी टक्कर देऊ, पण आमचे हात सोडा. ही भाषा कॉब्डेनला परकी वाटली नसती.

मग लीग आठ वर्षांत जिंकली आणि संघटनेला चार दशकं लढूनही अर्धंमुर्धं यश का? माझं मत असं, की लीगच्या मागे मँचेस्टरच्या गिरण्यांचा पैसा होता. धान्य स्वस्त होण्यात त्यांचा फायदा होता आणि तो फायदा मिळवण्यासाठी ते लाख-लाख पौंड ओतू शकत होते. इथंही धान्य आणि कापूस स्वस्त राहण्यात शहरांचा, गिरण्यांचा फायदा, आणि इथं कायदा त्यांच्याच बाजूनं होता. तो मोडायला निघालेल्याकडे पीक विकून आलेलेच पैसे, आणि तेच तर कमी पडत होते. ज्याला कायद्यानं गरीब केलं त्यालाच कायद्याविरुद्ध वर्गणी काढावी लागली. पुढं संघटना फुटत गेली, त्याची चर्चा माणसांच्या स्वभावावर घसरते. मला ही पैशाची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तरी कापसाचा एकाधिकार नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत संपला, आणि त्यात संघटनेचा वाटा मोठा आहे. जोशी १२ डिसेंबर २०१५ ला पुण्यात गेले.

आता नाके रस्त्यावर दिसत नाहीत, अधिसूचनांत असतात. गव्हाची निर्यात मे २०२२ मध्ये बंद झाली. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, त्या डिसेंबरात निर्यातच बंद, ती मे २०२४ मध्ये उघडली. तुरीच्या आयातीवरची बंधनं मे २०२१ मध्ये उठली. परदेशी कापसावर २०२१ च्या अर्थसंकल्पात ११ टक्के शुल्क बसलं. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला तेव्हा एप्रिलपासून काही महिने ते माफ केलं. भाव चढला की बाहेर जाणारी वाट बंद, आत येणारी खुली. भाव पडला की शेतकऱ्याकडे कुणी बघत नाही. आयातशुल्क कायम राहावं असा माझा हट्ट नाही. १८१५ च्या जमीनदारांची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. पण दोन्ही वाटा सारख्याच खुल्या ठेवणं याला मुक्त व्यापार म्हणतात, आणि तो अंबडच्या कापूसवाल्याला अजून कुणी दिलेला नाही.

अंतरवाली सराटी हे नाव २०२३ पासून देशाला माहीत आहे ते मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे. त्या मागणीच्या बऱ्यावाईटात या लेखात शिरत नाही. एवढंच म्हणतो, की शेतीत चार पैसे उरले असते तर इतकी पोरं नोकरीच्या दाखल्यासाठी अशी जिवावर उदार झाली असती का, हे विचारल्याशिवाय तो प्रश्न समजणार नाही. २७ ऑगस्ट २०२५ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, त्या उपोषणाचे पुढारी मनोज जरांगे पाटलांबरोबर या गावातून गाड्या मुंबईकडे निघाल्या. कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क केंद्रानं त्याआधी आठवडाभर, १९ ऑगस्टपासून, ३० सप्टेंबरपर्यंत माफ केलं होतं. २८ तारखेला, गाड्या वाटेत असताना, ती माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. गोदाकाठच्या रानात कापसाची पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास निघते. पीककर्ज, वेचणीची मजुरी आणि दुकानदाराची उधारी भागवायला बहुतेक जण डिसेंबर सरायच्या आत तो विकतात. सरकारनं त्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला होता.